व्हिस्की चाखायची कशी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

खोक्यावर लिहिलेलं असतं: व्हॅनिला, मध, सुकी फळं, समुद्राची हवा. आपण घोट घेतो आणि घशात नुसता जाळ होतो. मग वाटतं, एक तर लिहिणारा थापा मारतोय, नाहीतर आपल्याच जिभेत खोट आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. समोर एकच ग्लास असतो, ही खरी अडचण. एकाच ग्लासावरून गोड म्हणजे किती गोड, धुरकट म्हणजे कशापेक्षा धुरकट, हे सांगणं मुरलेल्या माणसालाही जड जातं. शेजारी दुसरा ग्लास ठेवा, तेच नाक फरक सांगायला लागतं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी एक स्पष्ट करतो. हा लेख चाखण्याबद्दल आहे. एका बैठकीत 15 मिलीचे दोन ग्लास, फार तर तीन, एवढाच हिशोब धरलाय. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे जो पीत नाही त्याने ‘शिकायचं’ म्हणून सुरू करण्याचं काही कारण नाही. गाडी चालवायची असेल, औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा कायद्याने ठरवलेलं वय झालं नसेल, तर हा विषय नुसता वाचण्यापुरता ठेवा.

काय काय लागेल

- खाली फुगीर आणि वर निमुळते असे दोन ग्लास, शक्य असेल तर तीन. सगळे एकाच आकाराचे हवेत, नाहीतर फरक व्हिस्कीचा की ग्लासाचा तेच कळत नाही. 2001 मध्ये आलेला ग्लेनकेर्न ग्लास यासाठीच बनवलेला आहे. शेरी, म्हणजे स्पेनची तीव्र वाइन, पिण्याचा कोपिता ग्लास किंवा वाइनचा लहान ग्लासही चालतो. रुंद तोंडाचा जाड बुडाचा टम्बलर दिसायला रुबाबदार, पण वास धरून ठेवत नाही.
- ग्लास झाकायला लहान बश्या.
- क्लोरीनचा वास नसलेलं साधं पाणी, फ्रिजमधलं नको.
- सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज. ड्रॉपरपेक्षा ही बरी, कारण किती पाणी घातलं ते नेमकं कळतं.
- थुंकायला एक कप. यात संकोच नको. ज्यांचं पोट या धंद्यावर आहे तेही थुंकतात.
- वही आणि पेन.

त्या दिवशी अत्तर लावू नका, हात सुगंधी साबणाने धुऊ नका, आणि तिखट जेवणानंतर लगेच बसू नका. सर्दी असेल तर बैठक सरळ रद्द करा.

1. आधी लेबल वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की, असा समज सर्रास असतो. तसं नाही. स्कॉटलंडच्या नियमांनुसार सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, आणि माल्ट म्हणजे फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, तयार केलेली. त्या बाटलीत शेकडो पिंपांची मिसळ असू शकते. एकाच पिंपातली हवी असेल तर लेबलवर ‘सिंगल कास्क’ लिहिलेलं असतं. अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट एकत्र केले की ‘ब्लेंडेड माल्ट’, आणि माल्टमध्ये इतर धान्यांची ग्रेन व्हिस्की मिसळली की ‘ब्लेंडेड स्कॉच’. ब्लेंड म्हणजे हलकी प्रतवारी, हे डोक्यातून काढून टाका. चांगल्या ब्लेंडमध्ये मोठं कसब असतं.

स्कॉचला ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं काढावी लागतात आणि बाटलीत किमान 40 टक्के अल्कोहोल असावं लागतं. आयरिश व्हिस्कीलाही पिंपातली 3 वर्षं चुकत नाहीत. अमेरिकेच्या बर्बनची तऱ्हा वेगळी: धान्यात किमान 51 टक्के मका, आणि आतून जाळलेलं ओकचं पिंप दर वेळी कोरं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनच्या कामाचं राहत नाही, म्हणून ती पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. बर्बन झणझणीत गोड आणि व्हॅनिलाने भरलेली का, आणि बऱ्याच स्कॉचमध्ये त्याच व्हॅनिलाची हलकी सावली का, याचं उत्तर या पिंपांच्या प्रवासात आहे.

वयाचा आकडा असेल तर तो बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा. 12 लिहिलं असेल तर आत 15 वर्षांची असू शकते, 11 वर्षांची नाही. पण वय म्हणजे दर्जा नव्हे. थंड स्कॉटलंडमध्ये पिंपातून दर वर्षी साधारण 2 टक्के उडून जातं. उष्ण हवेत, उदाहरणार्थ बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत, हे प्रमाण 10 टक्क्यांच्याही पुढे जातं. तिथे लाकूड भराभर आपला रंग दाखवतं. अशा ठिकाणच्या 5 वर्षांची तुलना स्कॉटलंडच्या 5 वर्षांशी करण्यात अर्थ नाही.

अल्कोहोलचा टक्काही बघा. 46 हा आकडा पुन्हापुन्हा दिसेल. त्याखालच्या तीव्रतेला व्हिस्की थंड केली किंवा तिच्यात पाणी घातलं की ती कधी कधी गढुळते. ते टाळायला अनेक उत्पादक ती थंड करून गाळतात, आणि त्यात थोडं तेलकटपणही निघून जातं. न गाळलेली व्हिस्की म्हणून बहुधा 46 किंवा त्याहून वर भरतात. तुमच्या ग्लासात पाणी घातल्यावर हलकं धुकं दिसलं तर घाबरू नका, व्हिस्की खराब झालेली नाही.

2. बाटली नव्हे, जोडी निवडा

पहिल्याच फटक्यात महागडी बाटली आणू नका. तिचं मोल कळायला आधी साध्या गोष्टींतला फरक कळावा लागतो. अशा दोन बाटल्या घ्या ज्यांत एकच मोठी गोष्ट वेगळी असेल. पूर्ण बाटल्या परवडत नसतील तर मित्रांत वाटून घ्या, किंवा लहान बाटल्या मिळतात का पाहा.

धूर म्हणजे काय ते कळायला ब्रुकलाडी डिस्टिलरीची ‘क्लासिक लाडी’ आणि तिथलीच ‘पोर्ट शार्लट 10’ ही जोडी मला सर्वांत आवडते. डिस्टिलरी एक, दोन्हींची तीव्रता 50 टक्के. फरक हा, की पोर्ट शार्लटची बार्ली पीटच्या धुरावर वाळवलेली असते आणि क्लासिक लाडीची नसते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, सुकवून जाळतात. या जोडीने आणखी एक गैरसमज उडतो: स्कॉटलंडच्या आयला बेटावरची व्हिस्की म्हणजे धुरकटच, हा. ब्रुकलाडी आयलावरच आहे. बुनाहाब्हन 12 सुद्धा आयलाचीच, आणि तिच्यात धूर शोधत बसावं लागतं.

पिंपाचा परिणाम कळायला एक बाटली बर्बनच्या पिंपात मुरलेली घ्या, दुसरी शेरीच्या. ग्लेनमोरंजी ओरिजिनल आणि मॅकलन 12 शेरी ओक चालतील. मॅकलन खिशाला जड वाटली तर शेरीसाठी ग्लेनफार्क्लास पाहा.

आयरिशमध्ये जेमसन आणि रेडब्रेस्ट 12. दोन्ही आयर्लंडमधल्या मिडलटन डिस्टिलरीच्याच. जेमसन हे ब्लेंड आहे; रेडब्रेस्ट सिंगल पॉट स्टिल, म्हणजे मोड आलेल्या आणि न आलेल्या दोन्ही बार्लींची. पहिली हलकी आणि सरळ, दुसरी तोंडात जाडसर, मसालेदार.

पहिल्या बैठकीला मात्र धुराची जोडी घेऊ नका. धूर सगळ्यावर मात करतो, आणि पहिल्याच दिवशी नाक हबकून जातं. पिंपाच्या जोडीने सुरुवात करा.

3. नाकाला तालीम द्या, तीही व्हिस्कीशिवाय

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतांश नाकाचं काम आहे. आणि नाकाचा घोळ असा, की ओळखीचा वास येतो पण नाव ओठांवर येत नाही.

त्यावर उपाय घरातच आहे. लवंग, दालचिनी, जायफळ, मिरी, मध, मनुका, सुकं खोबरं, कापलेलं सफरचंद, पिकलेलं केळं एकेका वाटीत घ्या. डोळे मिटा आणि कुणाला तरी एकेक वाटी नाकाशी धरायला सांगा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण जायफळ आणि दालचिनीत गडबडणारे खूप निघतात. या वस्तू मी मनाने निवडलेल्या नाहीत. केळ्याच्या वासाला कारण असणारं आयसोअमाइल ॲसिटेट यीस्ट बनवतं आणि ते व्हिस्कीतही असतं. लवंगेतलं युजेनॉल ओकमधूनही येतं. ओक तापवलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं. खोबऱ्यासारखा वास ओकच्या लॅक्टोनचा, आणि तो अमेरिकन ओकमध्ये जास्त. खोक्यावरचे शब्द म्हणजे अगदीच हवेतले नसतात, ते असे.

4. ओता, झाका, थांबा

प्रत्येक ग्लासात 15 मिली. ग्लासाखाली अ आणि ब लिहिलेला कागद. वर बशी. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट थांबावं असाही एक नियम सांगतात. मला तो नुसता नाटकीपणा वाटतो.

तोवर रंग बघा, पण त्यावर विश्वास ठेवू नका. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग, म्हणजे ई150ए, घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, गडद म्हणजे शेरीच्या पिंपातली, असं म्हणता येत नाही. स्ट्रेट बर्बनमध्ये मात्र रंग घालायला मनाई आहे, तिथला रंग लाकडाचाच. ग्लासाच्या कडेने ओघळणाऱ्या रेषांचंही फार कौतुक होतं. पाणी आणि अल्कोहोल यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे त्या येतात. दर्जाबद्दल त्या काही सांगत नाहीत.

5. वास: निम्मा वेळ इथेच द्या

वाइनसारखं ग्लासात नाक खुपसू नका. अल्कोहोलचा भपकारा बसला की पुढची काही मिनिटं नाक बधिर. ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, मग सावकाश वर आणा. ओठ किंचित विलग ठेवा, त्याने टोचणं बरंच कमी होतं. लांब श्वास ओढू नका, दोन-तीन छोटे श्वास पुरेत. मग ग्लास खाली.

आता दुसरा ग्लास. मग पुन्हा पहिला. ही अ-ब-अ अशी ये-जा म्हणजे या सगळ्या पद्धतीचा गाभा. दुसऱ्यांदा ‘अ’कडे आलात की मघाशी न जाणवलेलं काहीतरी पुढे येतं, कारण आता नाकाकडे तुलनेला ‘ब’ आहे. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, स्वतःच्या कातडीचा ओळखीचा वास पुरतो.

नेमकं नाव शोधण्याच्या मागे लगेच लागू नका. आधी घराणं ठरवा: फळ, धान्य, फूल, लाकूड आणि मसाला, धूर, की आणखी काही. एडिनबराच्या पेंटलंड्स संशोधन संस्थेने 1970 च्या दशकाच्या अखेरीस स्कॉचसाठी जे चवींचं चक्र तयार केलं, त्याची रचना अशीच आहे: आतल्या वर्तुळात ढोबळ गट, बाहेर बारकावे. फळ वाटलं तर विचारा, ताजं की सुकं? ताजं असेल तर सफरचंदासारखं की संत्र्यासारखं? धूर असेल तर शेकोटीचा, की दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा? लाफ्रॉएगसारख्या व्हिस्कीत दुसरा वास ठळक असतो, आणि तो दोष नसून पीटच्या धुरातल्या फिनॉल्स या वासाच्या रसायनांची करामत आहे.

फिनॉल्सवरून आठवलं. काही बाटल्यांवर पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल्सचे किती भाग याचा, आकडा मिरवतात. तो आकडा धुरावर वाळवलेल्या बार्लीचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. डिस्टिल करताना आणि मुरताना त्यातलं बरंच कमी होतं. आकडा दुप्पट म्हणून धूर दुप्पट, असं होत नाही.

6. घोट

पहिला घोट चाखण्यासाठी नाहीच. अगदी थेंबभर घ्या, तोंडभर फिरवा आणि विसरून जा. तोंडात उष्णता ओळखणारे जे ग्राहक असतात, मिरचीला प्रतिसाद देणारेही तेच. अल्कोहोलमुळे त्यांचा उंबरठा खाली येतो आणि शरीराचं नेहमीचं तापमानही त्यांना चटका वाटायला लागतं. पहिल्या घोटाचा जाळ हा असा आहे. व्हिस्कीचं मूल्यमापन त्यावरून करू नका.

दुसरा घोट दोन-तीन मिलीचा. जिभेवर पाच-दहा सेकंद घोळवा. आधी तोंडाला कशी लागते ते बघा: पातळ, तेलकट, कोरडी? मग गिळा किंवा थुंका, तोंड बंद करा आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. घशाच्या मागून वास नाकात चढतो तो इथे.

हे पटत नसेल तर करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा, घोट घ्या, घोळवा. गोडी कळेल, कडवटपणा कळेल, चटका कळेल, पण व्हिस्की अशी कळणार नाही. आता चिमटी सोडा. फळ, लाकूड, धूर एका झटक्यात भरून येतात. पाचदहा सेकंदांचा प्रयोग आहे, पण ‘माझ्या जिभेला काही कळत नाही’ ही तक्रार त्यानंतर कुणी करत नाही.

शेवटी, मागे काय उरतं आणि किती वेळ उरतं ते बघा. काही व्हिस्की तोंडात गोड असतात आणि शेवटाला एकदम लाकडासारख्या कोरड्या पडतात. दोन ग्लासांतला सर्वांत मोठा फरक कित्येकदा या शेवटातच सापडतो.

7. पाणी घाला, बिनधास्त

पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असं सांगणारे भेटतील. ब्लेंडिंग करणारे तज्ज्ञ नमुन्यांचा वास घेताना ते पाण्याने सुमारे 20 टक्क्यांवर आणतात, एवढं त्यांना सांगा. यामागचं शास्त्रही तपासलं गेलंय. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर सिम्युलेशन करून ग्वायाकॉल या धुरकट वासाच्या रेणूचं वर्तन पाहिलं. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना तो पृष्ठभागाशी जास्त सापडला. 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या वेढ्यात द्रवाच्या आत राहिला. पृष्ठभागाशी आला म्हणजे नाकाशी आला.

एकदम ओतू नका. सिरिंजने अर्धा मिली घाला, हलवा, मिनिटभर थांबा, वास घ्या, चाखा. मग आणखी अर्धा. कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून पाणी न मिसळता भरलेली व्हिस्की असेल तर हिशोब असा: 60 टक्क्यांच्या 15 मिलीत साडेसात मिली पाणी घातलं की ती साधारण 40 वर येते. उलट 40 टक्क्यांच्या 15 मिलीत चार-पाच मिली गेलं की काही व्हिस्की पार कोसळतात. कुठे थांबायचं हे प्रत्येक बाटलीचं वेगळं, आणि ते शोधण्यातच मजा आहे. एका ग्लासात पाणी घालून दुसरा तसाच ठेवला तर एकाच बाटलीचीही जोडी होते.

बर्फ? चाखताना नको. थंड झाली की वास उडायचा मंदावतो आणि हाती फार थोडं लागतं. एरवी तुमची मर्जी.

8. लिहा, पण खोकं वाचायच्या आधी

खोक्यावर ‘भाजलेलं बदाम’ वाचलं की बदामच लागणार. म्हणून आधी आपलं लिहा, मग बघा. शब्द सुंदर असण्याची गरज नाही. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी: ‘अ – कापलेलं सफरचंद, गवत, शेवटी मिरी. ब – मनुका, जुनं लाकडी कपाट, काडी ओढल्यावरचा वास, शेवट कोरडा.’ यातला काडी ओढल्याचा वास गंधकाचा. शेरीच्या पिंपात मुरलेल्या काही व्हिस्कीत तो येतो. काहींना आवडतो, काहींना सहन होत नाही. हे कोणत्याही गुणांकनात दिसलं नसतं, म्हणून 100 पैकी गुण देण्याच्या फंदात सध्या पडू नका. ‘अ’पेक्षा ‘ब’ कशात वेगळी, एवढं लिहिलं तरी बैठक सत्कारणी लागली.

9. स्वतःची परीक्षा

काही आठवडे गेले की तीन ग्लासांची चाचणी घ्या. दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा दुसरा कुणीतरी हवा, आणि रंगाने चुगली करू नये म्हणून दिवे मंद. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता तिनात एक, त्यामुळे एकदा जमलं म्हणून कॉलर ताठ करू नका. वेगवेगळ्या संध्याकाळी चारही वेळा बरोबर आलं, तर ते नशिबाने होण्याची शक्यता 81 मध्ये एक उरते. सुरुवातीला दूरची जोडी घ्या, मग जवळची. दोन सारख्या वाटणाऱ्या स्कॉच वेगळ्या काढता येऊ लागल्या की महागड्या बाटलीचा विचार करायला हरकत नाही.

10. उरलेली बाटली

उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. ऊन आणि उष्णतेपासून लांब ठेवा. फोडलेली बाटली भरलेली असेतो महिनोन्‌महिने टिकते. तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेली की आतली हवा चव बोथट करायला लागते. तेव्हा उरलेली व्हिस्की काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरा आणि चिठ्ठीवर नाव नि तारीख लिहून चिकटवा. अशा पाच-सहा लहान बाटल्या जमल्या की पुढच्या जोड्यांसाठी नवं काही विकत आणावं लागत नाही.